लेबल सुटलं की काय उरतं? ‘द फेदर थीफ’ वाचताना

या वेळी एका पुस्तकाबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण आधी माझ्या अकरा नळ्यांची गोष्ट सांगायला हवी. त्याशिवाय मी हे पुस्तक असं तिरकं का वाचलं ते कळणार नाही.

माझं काम जमिनीवर फिरणाऱ्या भुंगेऱ्यांवर आहे. पन्हाळ्याच्या आसपास दोन प्रकारच्या जागा निवडल्यात. एक मसाई पठाराच्या कडेची उघडी, जांभ्या दगडाची. दुसरी पावनगडाच्या बाजूची, झाडीची. जमिनीत प्लॅस्टिकचे ग्लास काठापर्यंत पुरायचे, रात्रभरात काय पडतंय ते सकाळी बघायचं, ते सत्तर टक्के अल्कोहोलच्या नळीत टाकायचं, नळी डब्यात, डबा सॅकमध्ये, आणि एसटीने घाट उतरून कोल्हापूर. ऐकायला सोपं आहे. गेल्या जुलैत मी घाईत लेबलं जेल पेनने लिहिली. काहींच्या फक्त बाहेरून, चिकटपट्टीवर. पन्हाळ्यावर जुलैत ढग दारातून घरात येतात, भिंतीला हात लावला तरी ओला होतो. खोलीत आठवडाभर ठेवलेल्या पट्ट्या सुटल्या. त्यात एका नळीचं बूच सैल होतं, अल्कोहोल झिरपलं आणि डब्यातली शाई एकमेकांत मिसळली. कोल्हापुरात येऊन उघडलं तर अकरा नळ्या अशा, ज्यांत भुंगेरे अगदी शाबूत होते, पाय-मिशा सगळं जागच्या जागी. फक्त कुठले, कधीचे, ते गेलं होतं.

गाईडनी डब्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “आता काय करणार?” त्या प्रश्नाकडे शेवटी येते.

त्याच आठवड्यात मी कर्क वॉलेस जॉन्सन यांचं ‘द फेदर थीफ’ वाचत होते. पुस्तक २०१८ चं आहे. विषय चोरीचा, आणि चोरी कशाची, तर मेलेल्या पक्ष्यांची. जून २००९ मध्ये लंडनजवळच्या ट्रिंग गावातल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून एका वीस वर्षांच्या पोराने २९९ पक्ष्यांची कातडी सूटकेसमध्ये भरून नेली. एडविन रिस्ट त्याचं नाव. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा अमेरिकन विद्यार्थी. खिडकी फोडून आत शिरला, ट्रॉली बॅग भरली, पहाटेच्या गाडीने परत. संग्रहालयाला चोरी कळली ती जवळजवळ महिन्याने.

कशासाठी? तर गळाला बांधायच्या माश्यांसाठी.

हे जरा समजावून सांगते, कारण आपल्याकडे पंचगंगेच्या काठावर बसणारा माणूस गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो, त्याला हे प्रकरण विचित्र वाटेल. युरोप-अमेरिकेत मासेमारीचा एक प्रकार असा की गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर फेकायची. तिला फ्लाय म्हणतात आणि ती बांधण्याच्या कलेला फ्लाय टायिंग. व्हिक्टोरियन काळात सामन माशासाठीच्या फ्लाय फारच नटव्या झाल्या. जगभरच्या वसाहतींतून पिसं लंडनला येतच होती. जॉर्ज केल्सन यांचं ‘द सामन फ्लाय’ हे १८९५ चं पुस्तक या नटवेपणाचा ग्रंथराज. माशाला या भारी पिसांतलं काहीही कळत नाही, हे जॉन्सन मजेत दाखवून देतात. आज या जुन्या फ्लाय बांधणारे पुष्कळ जण त्या पाण्यात टाकतही नाहीत. चौकटीत लावतात.

आपला यात संबंध आहे बरं का. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध फ्लायच्या दोन्ही बाजूंना जे पिवळसर, मेण ओतल्यासारखे ठिपके असलेलं पीस लागतं, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. तोच, जो आमच्या गडाखालच्या झाडीत पहाटे ओरडतो आणि मी ग्लास तपासायला जाते तेव्हा पाचोळ्यातून धडपडत पळतो. एके काळी या माना भारतातून गठ्ठ्यांनी बाहेर जायच्या. आज या पक्ष्याला आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उलट, याच छंदात ‘इंडियन क्रो’ नावाचं जे महागडं पीस फिरतं त्याचा भारताशी काही संबंध नाही आणि कावळ्याशीही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. नावावर भरवसा ठेवू नये याचं हे एक उदाहरण लक्षात ठेवा.

आता माझा मुद्दा. पुस्तकाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक चोराच्या वेडाबद्दल लिहितात. मला त्यातली ठेवण्याची आणि नेण्याची बाजू जास्त बोलकी वाटली. फ्लाय बांधणारा माणूस सामान कसं ठेवतो हे मी मुद्दाम शोधून वाचलं, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांपेक्षा ते नीट ठेवतात. मानेचं अख्खं कातडं पुठ्ठ्यावर सपाट, चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. नवीन आलेलं पीस थेट जुन्यांत मिसळायचं नाही, आधी वेगळं ठेवायचं. काही दिवस फ्रीजरमध्ये, मग बाहेर काढून पुन्हा फ्रीजरमध्ये, म्हणजे पहिल्या थंडीतून वाचलेली अंडी उबली तर दुसऱ्या थंडीत अळ्या मरतात. डांबरगोळ्या. उन्हापासून लांब, कारण रंग उडतो. दाबून चपटं झालेलं पीस किटलीच्या वाफेवर धरलं की पुन्हा फुलतं. प्रवासात गळ आकाराप्रमाणे खणांत, व्हाइस, बॉबिन, चिमटे कापडाच्या गुंडाळीत, आणि वापरलेली ओली फ्लाय बंद डब्यात कधीच नाही, कारण रात्रीत गळ गंजतो.

संग्रहालयाचा शत्रूही हाच. कातडं आणि पीस खाणारे भुंगेरे, कपड्यांचे पतंग. (ते भुंगेरे माझ्याच गणातले, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल थोडी माया आहे, पण ते असो.) जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिक चोळलेलं असायचं ते याच भीतीने. म्हणजे किडे, ओल, ऊन यांच्याविरुद्ध दोघांची लढाई एकच. मग फरक कुठे?

फरक ठेवण्याच्या क्रमात आहे. फ्लाय बांधणारा रंगाने, आकाराने, पक्ष्याच्या कुठल्या भागाचं पीस त्यानुसार लावतो. त्याला उद्या लागणारं पीस पटकन सापडलं पाहिजे. एक पीस संपलं तर तसंच दुसरं चालतं. संग्रहालयात एका खणात एकाच जातीचे वीस पक्षी दिसायला सारखे पडलेले असतात, आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कारण प्रत्येकाच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर वेगळं गाव आणि वेगळी तारीख आहे.

आमच्या गडावर अंबारखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारं. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. त्या धान्याला कुणी विचारायचं नाही, बाबा तू कुठल्या शेतातलं. खंडीच्या हिशेबात सगळं एक. पण आमची आज्जी बियाणं ठेवायची ते निराळं. राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून, वेगवेगळ्या मडक्यांत, आणि कुठलं मडकं कुणाच्या शेतातल्या भाताचं ते तिला तोंडपाठ. धान्य मापानं ठेवतात, बियाणं नावानं. रिस्टने बियाणं चोरलं आणि धान्यासारखं विकलं. पिसं सुटी करून पिशव्यांत घातली, इंटरनेटवर जोडीच्या भावाने विकली. आणि विकायचं तर पायातली चिठ्ठी अडचणीची. ती कापली.

पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात जबरदस्त भाग इथे आहे, आणि तो एका ओळीत येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये पोलीस त्याच्या घरी गेले तेव्हा १७४ कातडी अख्खी सापडली. त्यातल्या १०२ च्याच पायाला चिठ्ठी होती. बातमीत ‘निम्म्याहून जास्त माल परत मिळाला’ असं येईल. संशोधनाच्या हिशेबात परत मिळाले १०२. उरलेले ७२ पक्षी पिसांसकट, चोचीसकट, सुंदर अवस्थेत आहेत आणि जवळजवळ मुके आहेत.

तुम्ही विचाराल, संग्रहालयाकडे नोंदवही असेल की. त्यावरून जुळवता येणार नाही का? मीही हेच विचारलं होतं. नोंदवहीत त्या जातीचे वीस नर असतात, वीस ठिकाणांचे. तुमच्या हातात आठ बिनचिठ्ठीचे नर आहेत. कुठला कोण? नोंदवही सांगते की असा एक पक्षी होता. हा तोच आहे, एवढं फक्त दोऱ्याने बांधलेला कागद सांगतो. म्हणून नमुना आणि माहिती यांच्या मधला तो दोरा हीच खरी वस्तू आहे, असं मला आता वाटतं.

चोरलेल्या पक्ष्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः गोळा केलेलेही होते. वॉलेसचा उल्लेख जॉन्सन भरपूर करतात आणि तो हवाच. १८५२ साली ॲमेझॉनहून परत येताना ‘हेलन’ जहाजाला आग लागली आणि वॉलेसचा मोठा संग्रह समुद्रात गेला. त्याच वर्षाअखेरीस त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. त्यातला मुद्दा असा की नदीच्या या काठाला एक जात आणि त्या काठाला दुसरी, आणि संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ लिहिलेलं असेल तर हे कधीच कळणार नाही. संग्रह बुडालेला माणूस पुन्हा उभा राहून आधी काय बोलला, तर ठिकाण नीट लिहा. पुढे १८५४ ते १८६२ मलाय बेटांवर त्याने तेच केलं, आणि कुठल्या बेटावर काय मिळतं याच्या नोंदीतूनच त्याचं जगप्रसिद्ध काम उभं राहिलं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: पुस्तकाचा तिसरा भाग हा लेखकाचा स्वतःचा पाठलाग आहे. हरवलेले पक्षी कुठे गेले, कुणाकडे आहेत, ते शोधत जॉन्सन देशोदेशी फिरतात, रिस्टला जर्मनीत जाऊन भेटतात. वाचायला मस्त आहे, मी रात्री दोनपर्यंत वाचलं. पण पाठलागाला जितकी पानं मिळतात तितकी ‘या पक्ष्यांचं पुढे काय होणार होतं’ याला मिळत नाहीत. जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांतून दीडशे वर्षांत पारा किती वाढला ते मोजता आलं. जुन्या अंड्यांच्या कवचांची जाडी मोजून डीडीटीने शिकारी पक्ष्यांचं काय केलं ते १९६७ मध्ये दाखवता आलं. ज्यांनी ती अंडी गोळा केली त्यांनी डीडीटीचं नावही ऐकलेलं नव्हतं. तारीख मात्र लिहिली होती. मला अशा गोष्टी जास्त हव्या होत्या. लेखक म्हणेल, मी गुन्ह्याची गोष्ट लिहितोय, पाठ्यपुस्तक नाही. ठीक आहे. पण गुन्हा किती मोठा ते कळायला हेच लागतं. २०११ मध्ये कोर्टाने बारा महिन्यांची शिक्षा दिली तीही स्थगित, आणि सव्वा लाख पौंडांच्या आसपास वसुली. ते वाचून वाचकाला राग येतो, पण नेमका कशाचा राग यायला हवा ते पुस्तक पुरेसं सांगत नाही.

दुसरी तक्रार उपशीर्षकाबद्दल. त्यात या चोरीला शतकातली सर्वात मोठी निसर्गेतिहासाची चोरी म्हटलंय. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट पुरते.

रानपिंगळा. छोटं घुबड. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने, शेवटचा खात्रीचा १८८४ चा. नंतर तो दिसेना. एकच नोंद मधली होती. रिचर्ड माइनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलची, जो पक्षीतज्ज्ञ म्हणून मोठ्या दबदब्याचा माणूस. त्याच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी. त्या चिठ्ठीमुळे पक्षी १९१४ पर्यंत आणि गुजरातेत होता असं धरलं गेलं. नावाजलेल्या लोकांनी शोधूनही तो सापडेना.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुनाच तपासला. चिठ्ठी काय म्हणते ते बाजूला ठेवून कातडं काय म्हणतंय ते बघितलं. आत भरण कशी आहे, शिवण कुठली, पुन्हा उसवून भरलंय का, एक्स-रेमध्ये काय दिसतं. प्रत्येक संग्राहकाची कातडं भरायची हाताची पद्धत असते, अक्षरासारखी. हे कातडं निघालं जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेलं. माइनर्टझहागनने ते ब्रिटिश संग्रहालयातूनच उचललं होतं, उसवून पुन्हा भरलं होतं आणि नवीन चिठ्ठी बांधली होती. पुढे १९५४ मध्ये त्याचा सगळा संग्रह त्याच संग्रहालयाला देणगी म्हणून परत गेला. चोरीचा माल मालकालाच दान!

मांडवी खोटं ठरल्यावर जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं उरली. त्या धरून शोधत २५ नोव्हेंबर १९९७ ला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. म्हणजे डेव्हिडसन नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी चिठ्ठीवर जे लिहून ठेवलं ते बरोबर होतं, आणि त्याचा उपयोग झाला.

आता दोन चोरांची तुलना करा. रिस्टने चिठ्ठी कापली. नुकसान भयंकर, पण उघडं. बिनचिठ्ठीचा पक्षी बघणाऱ्याला लगेच सांगतो की माझ्यावर विसंबू नका. माइनर्टझहागनने चिठ्ठी बदलली. तो पक्षी दशकानुदशकं सगळ्यांना आत्मविश्वासाने चुकीचा रस्ता दाखवत राहिला. कर्नलसाहेब १९६७ मध्ये सन्मानाने वारले. शतकातली मोठी चोरी म्हणायची तर माझं मत त्यांना.

आणखी एक साम्य आहे, जे आपल्यासारख्यांना टोचलं पाहिजे. रिस्ट चोरीच्या आधी, २००८ मध्ये, संग्रहालयात रीतसर परवानगीने जाऊन आला होता. बहाणा काय, तर ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या मित्राच्या प्रबंधासाठी फोटो हवेत. माइनर्टझहागनलाही कपाटं उघडून मिळायची ती तज्ज्ञ म्हणून. दोघंही आत गेले ते संशोधनाच्या नावाने. उद्या तुम्ही एखाद्या संग्रहालयाला नमुने बघू द्या म्हणून पत्र लिहाल आणि तीन महिने उत्तर येणार नाही, चारदा ओळखपत्र मागतील, तेव्हा चिडण्याआधी हे आठवा. मी चिडले होते.

पुस्तक वाचा की नको? वाचा. विशेषतः फील्डवर्कला जायच्या आधी वाचा. पहिला भाग आरामात, चोरीचा भाग एका बैठकीत, आणि तिसऱ्या भागात कंटाळा आला तर पानं उलटा, मी कुणाला सांगणार नाही. इंग्रजी सोपं आहे.

आता त्या अकरा नळ्या. गाईडच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर तयार होतं आणि ते मी तोंडापर्यंत आणलं होतं. माझी डायरी होती. कुठल्या दिवशी कुठे गेले ते त्यात होतं. नळ्यांतले भुंगेरे बघून मला साधारण अंदाजही होता. मोठे काळे दिसले की झाडीतले, छोटे तपकिरी की पठारावरचे. अर्ध्या तासात अकराही लेबलं लिहून झाली असती आणि कुणालाही, अगदी कुणालाही कळलं नसतं. गोम अशी की माझ्या प्रबंधाचा प्रश्नच आहे, पठारावर आणि झाडीत वेगळे भुंगेरे असतात का. म्हणजे उत्तर आधी गृहीत धरून मी लेबल लिहिणार, मग त्या लेबलांवरून तेच उत्तर सिद्ध करणार. मांडवीची चिठ्ठी याहून वेगळी नव्हती. फक्त घुबड मोठं होतं.

त्या नळ्या विश्लेषणातून काढल्या. नमुन्यांची संख्या कमी झाली, दोन तक्ते पुन्हा करावे लागले, आणि प्रगती अहवालात एक वाक्य लिहावं लागलं जे लिहायला मला अख्खा दिवस लागला. आता लेबल जाड कागदावर, पेन्सिलने, नळीच्या आत टाकते. शिसं अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. बाहेर फक्त क्रमांक. तोच क्रमांक डायरीत, आणि डायरीच्या पानाचा फोटो गड उतरायच्या आधी बहिणीच्या फोनवर. नळ्या डब्यात उभ्या, मध्ये थर्माकोल, बुचाला टेफ्लॉनची पट्टी. एसटीत डबा मांडीवर. कंडक्टर विचारतो, “जेवण का ताई?” मी हो म्हणते.

अकरा नळ्या फेकल्या नाहीत. कपाटात खालच्या खणात आहेत. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आहे: पन्हाळा परिसर, जुलै, ठिकाण नोंदलेलं नाही.